मित्रास पत्र: कार्ड बदलायची घाई नको

मालवण,
आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गेम खेळताना तुझा कॉम्प्युटर मध्येच अडकतो म्हणतोस. आधी एकच सांगतो, नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊ नकोस. निदान मी खाली लिहितोय ते करून बघेपर्यंत तरी नको. त्या दुकानदारानं कॅबिनेट न उघडताच "कार्ड गेलं" म्हणून सांगितलं, हे वाचून खरंच राग आला. आंब्याचे पैसे आत्ता कुठे हातात आलेत, ते असल्या अंदाजावर घालवायचे नसतात रे.

तू लक्षणं इतकी नेमकी लिहिलीस की निम्मं काम तिथंच झालं. पडदा काळा होतो, आवाज एका सुरावर अडकतो, थोड्या वेळानं डेस्कटॉप परत दिसतो, गेम बंद झालेला असतो, पण मशीन चालूच राहतं. यातलं शेवटचं सगळ्यांत मोलाचं. विंडोजमध्ये व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून एक राखण बसवलेली आहे. कार्डाला दिलेलं काम २ सेकंदांत पुढे सरकलं नाही, तर विंडोज ते अडकलं असं धरून ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पाडतं आणि पुन्हा उभा करतं. पडदा परत येतो, पण गेमचा कार्डाशी असलेला धागा तुटलेला असतो, म्हणून गेम कोसळतो. म्हणजे कार्ड वेळेत उत्तर देऊ शकलं नाही, एवढंच यातून कळतं. त्याला कारणीभूत ड्रायव्हर असेल, वीज असेल, रॅम असेल, नाहीतर खाचेत नीट न बसलेलं कार्ड. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, जाऊन ती २ सेकंदांची मुदत वाढव असं कुणीतरी सांगेल. त्यानं दुखणं झाकतं, बरं होत नाही.

मशीन स्वतःची नोंद ठेवतं, ती आधी वाच. स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप केलंस की दिवसवार तक्ता उघडेल. लाल फुली असलेल्या दिवसावर जा. तिथं "लाइव्ह कर्नल इव्हेंट" आणि १४१ किंवा ११७ हा कोड दिसला, तर मी वर म्हटलं तेच घडतंय. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीच्या सिस्टिम भागात त्याच वेळेला ४१०१ ही नोंदही बहुधा सापडेल. "कर्नल पॉवर ४१" दिसलं तर प्रकरण वेगळं. ती नोंद मशीन नीट बंद न होता गेलं एवढंच सांगते, कारण सांगत नाही. पण गेम ऐन भरात असताना अख्खं मशीन बंद पडत असेल तर मी आधी एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे, बघतो.

ड्रायव्हरचं काम एका संध्याकाळी उरकेल. नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेव, मग इंटरनेटची वायर काढ, सेफ मोडमध्ये (विंडोज किमान गोष्टींवर चालतं तो प्रकार) डीडीयू हे ड्रायव्हर काढायचं सॉफ्टवेअर चालवून जुना ड्रायव्हर मुळापासून काढ आणि नवा घाल. इंटरनेट चालू राहिलं तर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. आणि त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर त्याच्या आधीचा ड्रायव्हर घाल. नवा तो चांगलाच असतो असं नाही.

आता तुझ्या घराविषयी. वेळणेश्वरला तुझी खिडकी समुद्राकडे उघडते, आणि मशीन तिच्याखालीच आहे. मुंबईत चार भिंतींत राहिलेलं मशीन तू खाऱ्या वाऱ्यात आणून ठेवलंस आणि वर पावसाळा लागला. माझ्या टेबलावर किनाऱ्यालगतच्या घरांतली जी मशीनं येतात, त्यांचे स्क्रू तांबारलेले असतात आणि तांब्यावर हिरवट थर धरलेला असतो. कार्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. सोनं गंजत नाही, पण त्यावरचा मुलामा अगदी पातळ, आणि मीठ-ओलाव्याची पुटं त्यावर बसतात. संपर्क कच्चा झाला की कार्ड मधूनच अडखळतं. म्हणून मशीन बंद कर, मुख्य वायर काढ, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ दे आणि कार्ड बाहेर काढ. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए हे साफ करायचं अल्कोहोल मिळतं. ते मऊ कापडाला लावून पट्ट्या पूस, पूर्ण सुकू दे, आणि खटका बसेपर्यंत कार्ड परत दाब. रॅमच्या पट्ट्यांनाही तेच. मशीन आतल्या भिंतीला ने. पावसाळ्यात गेम खेळायचा नसला तरी रोज थोडा वेळ चालू ठेव, आतली ऊब ओल धरू देत नाही. प्लास्टिकचं आवरण मात्र घालू नकोस, दमट हवा आतच कोंडते.

विजेचंही बघ. वाऱ्यात झावळ्या तारांवर घासल्या की तुमच्याकडे दिवे मंदावतात असं तू मागे म्हणाला होतास. कार्डाला खाचेतून ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या वायरीतून १५०. गेम खेळताना ही मागणी क्षणात वर उडते. स्वस्त किंवा जुना एसएमपीएस तिथं कमी पडतो. कार्डाला दोन सॉकेट असतील तर एकाच वायरीची दोन टोकं जोडू नकोस, दोन स्वतंत्र वायरी दे. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच ओढतो, गेमसकट तुझं मशीन त्याला जड जाऊ शकतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे. जांभ्यात अर्थिंग धरणं कठीण. मीठ-कोळशाचा खड्डा असला तरी मे महिन्यात तो कोरडा पडतो. गेमपेक्षा तुमच्या जिवासाठी हे आधी कर.

तापमानावर लोक फार बोलतात. पण कार्ड तापलं की आधी स्वतःच वेग कमी करतं, म्हणून तडक कोसळण्याचं कारण तेच असेलसं नाही. पंख्यातली जांभ्याची लाल धूळ काढ, तेवढं पुरे. काळा होण्याआधी पडद्यावर रंगीत चौकोन उमटतात का, ते मात्र नीट बघ. ड्रायव्हर स्वच्छ घालूनही ते दिसत राहिले तर कार्डाची मेमरी बहुधा दुखावलीय, आणि मग दुकानदाराचं म्हणणं मी मान्य करीन.

एक विचारायचं राहिलं, प्रोसेसर कुठला? इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचा आय ७ किंवा आय ९ असेल तर वेगळं बघावं लागेल. त्यांतल्या काहींना जादा व्होल्टेजमुळे इजा होत होती, आणि गेम दाखवायचे "व्हिडिओ मेमरी संपली". दोष प्रोसेसरचा, नाव कार्डाचं! इंटेलनं ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर सुधारणा दिली, ती मदरबोर्डच्या बायॉसमधून, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून, घालावी लागते. तिनं पुढची इजा टळते, झालेली भरून येत नाही. पण अशा प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवलीय.

एका वेळी एकच बदल कर आणि मग दोन-तीन संध्याकाळी खेळून बघ. सगळं एकदम केलंस तर काय लागू पडलं ते कळायचं नाही. एवढं करूनही थांबलं नाही तर आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग ठरवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो ५०-१०० मेगाहर्ट्झनं उतरव. त्यानं कोसळणं थांबलं तर कार्ड त्याच्या काठावर चालतंय, आणि तसंच उतरवून ते आणखी बरेच दिवस साथ देऊ शकतं. पोरीबरोबर गेम खेळायचा तुझा संध्याकाळचा तो तास मला फार मोलाचा वाटतो, म्हणून इतकं लांबण लावलं.

तक्त्यातल्या लाल फुलीचा फोटो, एसएमपीएसवरचं लेबल आणि प्रोसेसरचं नाव एवढं पाठव. काकींना नमस्कार, चिऊला आशीर्वाद.

तुझा,
आप्पा

ता.क. कार्डाचं बिल शोध. बऱ्याच कार्डांवर ३ वर्षांची वॉरंटी असते. ती शिल्लक असेल तर कार्डावरच्या कूलरचे स्क्रू उघडू नकोस.