नंबर तुमचाच हवा

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

शेंगाचटणी पोचली. कडक भाकरीचा वाटेत चुरा झाला होता, तो दह्यात कालवून खाल्ला. पुढचं मात्र फोनवर सांगायला जमेना, म्हणून लिहितेय.

दिवाळीत मी तुम्हा दोघांचं आभा, म्हणजे ते सरकारी आरोग्य-खातं, काढलं. (बाबा, पाच लाखांच्या उपचाराचं ते आयुष्मान कार्ड वेगळं. शेजारच्या काकांना पुन्हा सांगू नका. आभा हा नुसता चौदा आकडी नंबर आहे, वेगवेगळ्या दवाखान्यांतले तुमचे कागद एकमेकांना जोडणारा.) तुम्हाला कटकट नको म्हणून अ‍ॅप माझ्या फोनवर घेतलं, मोबाइल नंबरही माझाच दिला. तिथंच चुकलं.

कारण डॉक्टरला जुने कागद बघायचे असले की परवानगीची विचारणा त्या अ‍ॅपवर येते. कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या तारखेपासूनचे कागद, किती दिवस बघणार, सगळं त्यात असतं. त्यातलं कमी करता येतं, नाही म्हणता येतं. दिलेली परवानगी मागेही घेता येते. वैयक्तिक माहिती जपण्याच्या २०२३ च्या कायद्यात तर ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं, असं लिहिलंय. अर्थात एकदा वाचलेलं कुणाच्या डोक्यातून कसं काढणार?

तुमच्या वतीनं हे 'हो' मी म्हणत होते. ऑफिसात, मीटिंग चालू असताना, न वाचता. बाबा काउंटरवरून फोन करायचे, मी ओटीपी सांगायचे आणि बाबा तो असा ठणठणीत म्हणायचे की अख्ख्या रांगेला पाठ व्हावा.

आणि मागच्या महिन्यात मी तुमच्यापैकी एकाचा कागद उघडून वाचला. काळजीपोटी, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे समोर होता म्हणून वाचला. तो माझ्यासाठी नव्हता. घरात कुणालाच सांगितलेला नव्हता. कुणाचा, कसला, ते इथं लिहिणार नाही, आणि तुम्हीही एकमेकांना खोदून विचारू नका. ज्यांचा होता त्यांची माफी मी समोर बसून, एकटीच मागेन.

बाबा, चादरीच्या कारखान्यात तुम्ही इतकी वर्षं हिशेब लिहिलात. कुठल्या कामगाराची किती उचल आहे, हे आईलाही कधी कळलं नाही. लहानपणी मी एकदा ती वही चाळली तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, नुसती हातातून काढून घेतलीत. ते आठवलं आणि अ‍ॅप बंद केलं.

शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येते. आईचं तिच्या फोनवर करून देईन, बाबांचं त्यांच्या. पिन आपापला ठेवा, मला सांगू नका. आई, "मला काय कळतंय त्यातलं" हे चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसाला चाळीस फोटो पाठवतेस तू. विचारणा मराठीत वाचून दाखवेन, पण बोट तुझंच.

आणि हे ठेवायचंच नसेल तर तेही चालेल. आभा सक्तीचं नाही. तुमची ती चेनची जुनी फाईल आहेच, फक्त ती टीव्हीवर ठेवू नका. येणारा-जाणारा चाळतो.

रात्री जेवायला थांबू नका, गाडी उशिरा पोचते.

तुमची,
ताई