ग्रह सापडला, पण किती ताऱ्यांत?

महोदय,

सूर्यमालेबाहेरचा ग्रह सापडला की ठळक बातमी येते, सोबत चित्रकाराने रंगवलेला गोलही छापला जातो. किती तारे तपासल्यावर तो हाती लागला, हे मात्र बातमीत क्वचितच असते. महाकाय ग्रह कसे घडतात याचा अंदाज मुख्यतः त्याच आकड्यावरून बांधता येतो.

चिलीतील सेरो पाचोन पर्वतावरच्या जेमिनी साउथ दुर्बिणीतून २०१४ ते २०१९ या काळात झालेले सर्वेक्षण पाहा. त्यासाठी मुद्दाम तरुण तारे निवडले होते, कारण नवजात ग्रहात घडतानाची उष्णता शिल्लक असते आणि तो अवरक्त किरणांत दिसतो. तरीही त्याचे तेज ताऱ्याच्या दहा लाखांशाच्या आसपास भरते. म्हणून हवेमुळे थरथरणारी प्रतिमा आधी आकार बदलणाऱ्या आरशाने स्थिर करायची आणि मग कोरोनाग्राफने ताऱ्याचा प्रकाश अडवायचा.

एवढे करूनही आरसे-भिंगांतल्या सूक्ष्म दोषांमुळे प्रकाशाचे ठिपके उरतात आणि ते हुबेहूब ग्रहासारखे दिसतात. त्यावरचा उपाय सुरेख आहे. तारा याम्योत्तर वृत्त (डोक्यावरून जाणारी आकाशाची उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडत असताना, कॅमेरा न फिरवता, एकेका मिनिटाच्या प्रतिमा तासभर घेत राहायच्या. दोषाचे ठिपके जागीच राहतात, खरा ग्रह आकाशाबरोबर ताऱ्याभोवती सरकतो. ठिपके वजा करता येतात. वेळ चुकली तर आकाश पुरेसे फिरत नाही आणि ताऱ्याजवळचा ग्रह वजाबाकीत स्वतःच पुसला जातो. म्हणून मिळालेल्या प्रतिमांत खोटे ग्रह मिसळून, त्यातले किती सापडतात हे ताऱ्यागणिक तपासावे लागते. ‘काही दिसले नाही’ या नोंदीला वजन येते ते या तपासणीमुळे.

पहिल्या ३०० ताऱ्यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत सहा ग्रह आणि तीन तपकिरी बटू (ग्रहाहून जड, पण तारा होण्याइतके जड नसलेले गोल) होते. सहाही ग्रह सूर्याच्या दीडपटीहून जड ताऱ्यांभोवती! अशा ताऱ्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना, पृथ्वी-सूर्य अंतराच्या १० ते १०० पट दूर, गुरूच्या ५ ते १३ पट वस्तुमानाचा ग्रह असावा असे गणित निघाले. तपकिरी बटू एक टक्क्याहून कमी ताऱ्यांभोवती. वस्तुमान आणि ताऱ्यापासूनचे अंतर यांनुसार दोघांची विभागणीही वेगळी, म्हणजे जन्माची रीत वेगळी असण्याची शक्यता मोठी: ग्रह आधी घन गाभा जमवून वर वायू ओढून घेतात, तर बटू वायूचा ढग थेट कोसळून बनतात. रिकाम्या निघालेल्या ताऱ्यांशिवाय यातली एकही टक्केवारी काढता आली नसती.

तेव्हा अशा बातमीत तपासलेल्या ताऱ्यांची संख्या द्यावी आणि ताऱ्याचे वयही द्यावे, कारण ग्रहाचे वस्तुमान त्याचे तेज आणि वय यांवरून काढतात. वय चुकले की वस्तुमानही चुकते. पुढच्या निरीक्षणांत तो ठिपका ताऱ्याबरोबर सरकला का, हेही विचारावे. २०१६ मध्ये जाहीर झालेला, तीन सूर्यांचा म्हणून गाजलेला एचडी १३१३९९ या तारकासमूहातला ग्रह २०१७ मध्ये याच कसोटीवर मागचा एक दूरचा तारा ठरला.

– खगोलशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे