अर्जातला तो रकाना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगू म्हणता म्हणता तीन रविवार गेले. आई, तू "आवाज का बसलाय?" विचारतेस आणि मी विषय बदलते. म्हणून पत्र. मंगळवारी मी सही केली. पीएच.डी.ची जागा आहे, करार तीन वर्षांचा. म्हणजे या सप्टेंबरात मी परत येत नाहीये.

बाबा, कागद खाली ठेवू नका, पुढचं वाचा. जर्मनीत अशी जागा म्हणजे रीतसर नोकरी. पगार, विमा, वर्षाला ३० दिवस रजा. मास्टर्स झाल्यावर नोकरी शोधायला तसेही १८ महिने राहू देतात, पण त्या भरवशावर रेंगाळणाऱ्यांतली मी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. खोली तीच, हीटर नीट चालतो, खिडकीला दुहेरी काच आहे, अंगावर घ्यायला तुझी गोधडी आहे. दम्याचा पंप वर्षभरात लागला नाही. (दोनदा लागला. पण दोनदाच.)

दोन वर्षं मी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात हिवी होते, म्हणजे तासांवर काम करणारी विद्यार्थिनी. नव्या मुलांच्या फायली लावायच्या. बाबा, ॲटलासवर गाव शोधायचा आपला खेळ आठवतो? आफ्रिकेतल्या कॅमेरूनचं याऊंदे मला कधीच सापडायचं नाही आणि मी रडून तुमच्या खांद्यावर झोपायचे. आता याऊंदेची मुलं माझ्या टेबलासमोर उभी असतात. कॅमेरून १८८४ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत जर्मनांची वसाहत होतं. मी एकाला तेच कारण का म्हणून विचारलं, तर तो हसला. त्याला शाळेत जर्मन विषय होता, आणि मोठा भाऊ आधीच इथे होता. बस्स.

व्हिएतनामचं असंच. हा भाग पूर्व जर्मनीचा. १९८०च्या दशकात त्या सरकारनं व्हिएतनामी कामगार करारावर आणले, त्यातले काही राहिले, आणि आज कुणाची तरी मावशी याच शहरात असते. सीरियाची मुलं २०१५ नंतर आली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आता जर्मन नागरिकत्व घेतलंय, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीतून ती नाहीशी होतात. गंमत म्हणजे इथली मुलंही परदेशी विद्यार्थी होतात. मेडिकलला गुण कमी पडले की ऑस्ट्रियाला जातात.

आणि आपण. २०२२-२३ मध्ये भारतानं चीनला मागे टाकलं. २०२४-२५च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकायला आलेले सुमारे ४ लाख परदेशी विद्यार्थी होते, त्यांत आपले सुमारे ५९,०००. बहुतेक इंजिनिअरिंगचे. अर्जात एक रकाना असतो, हा देश का निवडला. सगळे लिहितात "संशोधनाचा दर्जा". कॉफी हातात आली की खरं निघतं: सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यानं युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो लावले, तर आमच्यातल्या कितीतरी जणांनी ते राज्य यादीतूनच काढलं.

मीही तोच दर्जा लिहिला होता. तुम्हालाही तेच सांगितलं होतं, आणि अमेरिकेचं पत्र आलेलं असताना मी नाही का म्हणते, म्हणून बाबा आठवडाभर बोलला नव्हतात. ते पत्र आलं त्या रात्री मी पाणी प्यायला उठले होते. तुम्ही दोघं घराच्या कागदांबद्दल हळू आवाजात बोलत होतात. मी पाणी न पिता परत जाऊन झोपले. वाईट वाटून घेऊ नका, यात तुमचं काहीच चुकलं नाही. शिक्षण इथे खरंच चांगलं निघालं, म्हणजे थाप अर्धीच होती.

व्हिसासाठी खात्यात अडकवून ठेवायचे ११,२०८ युरो मात्र तुम्हीच भरलेत. महिन्याला ९३४ सुटायचे तेव्हा दर वेळी मला आईचे हात दिसायचे, बांगड्यांशिवायचे. ते पैसे आता हप्त्यानं परत येतील. नाही म्हणायचं नाही. दादाला देऊन टाकायचे नाहीत.

आता ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काढणं बंद, अगदी बंद. गुडघ्याचं आणखी एका डॉक्टरला दाखवा, मी असते तर केव्हाच ओढून नेलं असतं. हे वाक्य लिहायला नको होतं. पण खोडत नाही.

पीएच.डी.च्या नोंदणीत परत तोच रकाना आलाय. अजून कोरा आहे. शुक्रवारपर्यंत भरायचा आहे.

ऑपरेशन करायचंच ठरलं तर तारीख आधी मला कळवा, काकूला नंतर. रजेचा अर्ज आधी टाकावा लागतो. ३० पैकी एकही दिवस मी अजून खर्च केलेला नाही.

तुमची,
ठमी