तुझ्या लायब्ररीखालचं मैदान

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, रिटायर झालीस ना, आता पुरे ते मैदान." मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. शिट्टी झालीच नव्हती.

तू रात्री अभ्यासाला बसतोस ती शिकागो विद्यापीठाची रेगेनस्टाइन लायब्ररी एका मैदानाच्या जागेवर बांधलीय, ठाऊक आहे का? स्टॅग फील्ड. अमोस अलोन्झो स्टॅग, जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. पाद्री व्हायचं म्हणून येल विद्यापीठात शिकला, पण भाषण काही जमेना. १८९२ साली शिकागो विद्यापीठ सुरू झालं, तेव्हापासून ४१ हंगाम तिथला फुटबॉल कोच. आणि त्याला प्राध्यापकाचा दर्जा होता! सव्वीस वर्षं स्टाफरूममध्ये मी 'पीटीच्या बाई' होते, त्यामुळे हे वाक्य दोनदा वाचलं.

तिकडचा फुटबॉल म्हणजे समोरच्याला धरून आडवं पाडायचं. सरावातही पोरं एकमेकांनाच पाडायची, हातपाय मोडून घ्यायची. स्टॅगने येलला असतानाच एक गादी गुंडाळून टांगली आणि पोरांना म्हणाला, हिला पाडा. एवढीशी युक्ती, पण आजही तसले पुतळे वापरतात. मुलींना खो-खोतला खांबावरचा सूर शिकवायला मी तुझी निळी गोधडी मैदानावर अंथरली होती, आठवतं? दोन दिवस अबोला धरला होतास.

सत्तरी झाल्यावर विद्यापीठाने वयाचा नियम पुढे केला. दुसरं पद देऊ केलं, ते त्याने घेतलं नाही. पुढे १९३९ मध्ये विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला, आणि १९४२ साली त्याच मैदानाच्या गॅलरीखाली स्क्वॉशच्या कोर्टात पहिली अणुभट्टी चालली. ते तुझ्या बाबांना विचार, तासभर सांगतील.

स्टॅग मात्र कॅलिफोर्नियात स्टॉकटनला, कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये गेला. १९४३ मध्ये देशातला वर्षातला सर्वोत्तम कोच ठरला, वय ८१! तिथलंही १९४६ ला सुटलं, तेव्हा पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना विद्यापीठात मुलगा कोच होता, त्याच्या जोडीला जाऊन उभा राहिला. मुलाने 'आता घरी बसा' म्हटलं नाही बरं का.

मला आवडली ती त्याची बायको, स्टेला. सामना चालू असताना ती वर बसून कागदावर एकेक चाल मांडायची. मी पकडले किती, बाद किती अशी वही ठेवते ना, तसंच. तिची तब्येत खालावली तेव्हा तो तिच्यासाठी स्टॉकटनला परतला. तरी तिथल्या ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना बॉल कसा मारायचा हे नव्वदीनंतरही दाखवत होता. १९६५ मध्ये गेला, १०२ वर्षांचा होऊन.

माझा गुडघा दुखतो, हे खरं. जिना उतरताना जास्त. म्हणून मी हल्ली पळत नाही, खांबाशी खुर्ची टाकून शिट्टी वाजवते. सकाळी सहाला १९ मुली येतात. त्यातली एक डावीकडूनच वळते, ती अजून सुधारायचीय.

तिकीट जूनचं बघ, मेमध्ये शिबिर आहे. आणि तीन आठवड्यांचंच काढ.

तुझी आई