जे लिहिलेले नाही, ते एजंट अंदाजाने भरतो

रामबाग, इंदूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मंडळींनी हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापराची पुस्तिका, एआय एजंटांसाठी, म्हणजे दिलेले काम स्वतः पार पाडणाऱ्या संगणकीय मदतनिसांसाठी, नव्याने लिहायला घेतले आहे आणि त्यावर तुला माझे मत हवे आहे, हे वाचून फार आनंद झाला. व्यापाऱ्यांच्या वह्या तपासणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मजकूर किती सुबक आहे यापेक्षा त्याच्या आधारावर वहीत काय उतरते, याकडेच मी लक्ष दिले.

तपासणीसाठी एजंटाला फक्त तुझे डॉक्युमेंटेशन आणि सियागंजातील एका व्यापाऱ्याची, त्याच्या परवानगीने घेतलेली, खरेदीची बिले दिली, चाचणीच्या वहीत नोंदी करायला सांगितल्या आणि नंतर प्रत्येक नोंद मूळ बिलाशी ताडून पाहिली. मध्ये कोणी काहीही सुचवायचे नाही, एवढे पथ्य पाळले. नवा मुनीम अडला की शेजारच्याला विचारतो. एजंट बहुधा विचारत नाही. जे लिहिलेले नाही ते तो अंदाजाने भरतो आणि पुढे जातो.

एक बिल सविस्तर सांगतो. जळगावहून पीव्हीसी पाइप आले होते, मालाची किंमत 10,000 रुपये आणि 18 टक्के जीएसटी. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, आणि आपला व्यापारी 23 चा, म्हणजे मध्य प्रदेशाचा. तेव्हा 1,800 रुपये आयजीएसटीच्या (परराज्यातील व्यवहारावरील कराच्या) खात्यावर नावे (डेबिट) पडायला हवे होते. एजंटाने 900 सीजीएसटी आणि 900 एसजीएसटी (राज्यांतर्गत व्यवहारातील केंद्राचा व राज्याचा वाटा) असे टाकले, कारण तुझ्या पुस्तिकेतले खरेदीचे एकमेव उदाहरण राज्यातल्या राज्यातले आहे. विक्रेत्याच्या खात्यावर 11,800 बरोबर जमा (क्रेडिट) झाले, तेरीज (नावे-जमेचा ताळा) जुळली, सॉफ्टवेअरने नोंद विनातक्रार स्वीकारली. चूक उघडी पडणार ती जीएसटीआर-2बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या पत्रकाशी, मेळ घालताना, म्हणजे पुढच्या महिन्यात. तेरीज जुळणे हा नोंद बरोबर असल्याचा पुरावा नव्हे, हे आपण दोघेही जाणतो. पण एजंटाला ते पुस्तिकेनेच सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी परराज्यातील खरेदीचे पूर्ण उदाहरण त्याच पानावर हवे.

याहून गंभीर उणीव चिन्हांची आहे. रकमेच्या रकान्याचे वर्णन तुम्ही ‘व्यवहाराची रक्कम’ एवढेच केले आहे. एचलेजर किंवा बीनकाउंट या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नावे रक्कम धन आणि जमा रक्कम ऋण लिहितात, त्यामुळे तिथे उत्पन्न ऋण दिसते. टॅली सॉफ्टवेअरच्या एक्सएमएल फाइलमध्ये (माहिती आत-बाहेर नेण्याच्या फाइलमध्ये) नेमके उलट, नावे रक्कम ऋण असते. या सर्वांचे नमुने एजंटाच्या वाचनात आलेले असणार, म्हणून तुमचा संकेत कोणता हे न सांगितल्यास तो त्यांपैकी एखादा उचलेल. सगळी चिन्हे एकदम उलटली तरी बेरीज शून्यच येते आणि व्यवहार संतुलित दिसतो, धोका आहे तो इथेच. ‘नावे धन, जमा ऋण’ एवढे एक वाक्य आणि त्याखाली विक्री, खरेदी व परतावा यांची एकेक नोंद दिली तरी हा प्रश्न सुटेल.

नोंद चुकल्यावर सॉफ्टवेअर जे संदेश देते, त्यांबद्दल थोडक्यात लिहितो. ‘विनंती अवैध’ या उत्तरावरून एजंटाला काहीच कळत नाही आणि तो रक्कम बदलून पुन्हा प्रयत्न करतो; ‘नावे 11,800.00, जमा 11,799.99, फरक 0.01’ असे सांगितले तर तो एका पैशाचा फरक शोधतो. उत्तर यायला उशीर झाला की तीच नोंद दुसऱ्यांदा पाठवली जाते. ती दुबार होऊ नये म्हणून प्रत्येक विनंतीला स्वतंत्र ओळखक्रमांक द्यायची सोय तुमच्याकडे आहे, पण तिचा उल्लेख परिशिष्टात दडला आहे. तो पहिल्याच प्रकरणात आणावा. नोंद काढून टाकण्याच्या आज्ञेचाही फेरविचार कर. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि तुझ्या पुस्तिकेत नोंद काढल्यावर तिचा माग राहतो की नाही, याविषयी अवाक्षर नाही. एजंटाने उलट नोंद करावी, मूळ नोंदीला हात लावू नये, असे स्पष्ट लिहावे असे माझे ठाम मत आहे.

एजंटांसाठी एलएलएम्स.टीएक्सटी (llms.txt) ही, कोणती माहिती कुठल्या पानावर आहे हे एआयला दाखवणारी, वेगळी फाइल ठेवण्याचा तुमचा विचार चांगला आहे; जेरेमी हॉवर्ड यांनी 2024 मध्ये ही कल्पना मांडल्यापासून अनेकांनी ती उचलली आहे. परंतु ती अनुक्रमणिका आहे, तिने दाखवलेल्या पानावर मजकूरच अपुरा असेल तर तिचा उपयोग होणार नाही. आरंभीच्या शिलकीचे प्रकरण मात्र उत्तम उतरले आहे: कोणते खाते आधी उघडायचे, तारीख कोणत्या क्रमाने लिहायची, फरक आल्यास कुठे थांबायचे, सगळे जागच्या जागी आहे, आणि तिथे एजंट एकदाही चुकला नाही. ज्याने ते लिहिले त्याच्याकडेच खरेदी-विक्रीचे प्रकरण सोपव.

तपासलेल्या नोंदी, बिलांवरील नावे व क्रमांक झाकून, सोबत पाठवत आहे. सुधारलेला मसुदा तयार झाला की कळव. याच बिलांवर पुन्हा चाचणी घेईन, आणि त्या वेळी परत आलेल्या मालाची बिलेही त्यात घालीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र