विषय: लिफ्टजवळ लावलेली नवी नोटीस

दि. १४ ऑगस्ट २०२२

मा. अध्यक्ष,
आपली सोसायटी, सिंहगड रोड, पुणे

काका, नमस्कार.

एरवी खाली भेटलात की तोंडीच बोलले असते, पण तोंडी सांगितलेलं मिनिट्समध्ये येत नाही हे गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या भानगडीत शिकले, म्हणून यावेळी लेखी देतेय. ग्रुपवर मुद्दाम टाकलं नाही. तिथे टाकलं की चार हात जोडलेले इमोजी येतात, मग कोणीतरी झेंड्याचे फोटो टाकतं (हर घर तिरंगामुळे कालपासून तेच चाललंय, छान दिसतायत सगळ्या बाल्कन्या, ते वेगळं) आणि विषय वर सरकून जातो तो जातोच.

२ ऑगस्टला लिफ्टशेजारी नोटीस लागलीये, "कोविडचे रुग्ण वाढत असल्याने घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर व डिलिव्हरी बॉय यांनी मास्क लावूनच आत यावे, तापमान नोंदवावे, लिफ्टचा वापर करू नये. हुकुमावरून." ती काढा एवढं सांगायला हे पत्र आहे. बाकीचं सगळं त्याच्या मागेपुढे येईल, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

रुग्ण वाढले हे खरंय, आमच्याच घरात चारातले तीन होते. पण ते कुठून वाढले हे तुम्हाला माहितीये, मला माहितीये आणि क्लबहाऊसमध्ये वडे तळून आणणाऱ्या केटररला पण माहिती असेल. २१ जुलैला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की यंदा गणपतीवर निर्बंध नाहीत आणि लगेच २४ च्या रविवारी आपण मीटिंग ठेवली. आनंद मलाही झाला होता हो, दोन वर्षं घरच्या मूर्तीला दोन फूट आणि मंडळाच्या मूर्तीला चार फूट अशी मापं घेऊन गणपती बसवला, आरतीला पाच माणसं, प्रसाद पुड्यांमधून, कोणाला नाही वाटणार की यंदा दणक्यात करू. पण बाहेर पाऊस म्हणून दारं लावली, खिडक्या तर उघडतच नाहीत, एसी २२ वर, आत तीसेक माणसं आणि दोन तास ढोलपथक बोलवायचं का नाही यावर आवाज चढवून भांडण. ए-विंगमधले एकजण सुरुवातीपासून खोकत होते, कोणीतरी विचारलंही तर म्हणाले पावसाळी खोकला आहे, दरवर्षी होतो. आमचे हे त्यांच्या मागच्याच खुर्चीवर.

बुधवारी ह्यांचा घसा धरला. गुरुवारी ताप. केमिस्टकडून ती अडीचशेची घरी करायची टेस्ट आणली, आपल्या पुण्याच्याच मायलॅबवाल्यांची कोविसेल्फ, आणि पंधरा मिनिटं डायनिंग टेबलवर त्या पट्टीकडे बघत बसलो. आता खरं सांगायचं तर २०२० मध्ये असं बघत बसलो असतो तर हातपाय गार पडले असते, यावेळी मी बाजूला कोथिंबीर निवडत होते. दुसरी रेघ उमटली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता स्वयंपाकात आलं जास्त घालायला हवं." एवढंच. शनिवारपर्यंत त्या आणि मी पण आडव्या.

मी ग्रुपवर लगेच लिहिलं की आमच्याकडे पॉझिटिव्ह आहेत, मीटिंगला जे होते त्यांनी बघा. ग्रुपवर उत्तर काय, "गेट वेल सून", "काळजी घ्या". आणि पर्सनलवर पाच जणांचे मेसेज, आमच्याकडे पण आहे पण बोलू नकोस, टेस्ट केली नाहीये, डॉक्टर व्हायरल म्हणाले. टेस्टच करायची नाही म्हणजे पॉझिटिव्ह यायचा प्रश्नच नाही! मी नावं सांगणार नाही, सांगायचीही नाहीयेत. लपवतात याचा रागही येत नाही मला, कारण २०२० मध्ये सी-विंगच्या काकूंच्या मजल्याला पत्रे ठोकले होते आणि त्यांच्या घरची दूधपिशवीसुद्धा लोक दोरीने वर सोडत होते, ते त्या अजून विसरल्या नाहीत, आपण विसरलो. तेव्हा घाबरून वागलो ते समजू शकतं, काहीच कळत नव्हतं. आता कळतंय ना? मग आत्ता नोटीस कोणावर लागली, तर जे त्या मीटिंगला नव्हतेच त्यांच्यावर.

आमच्या मावशींचं सांगते. बुधवारपर्यंत त्या आमच्याकडे कामाला येत होत्या, ह्यांचा कप त्यांनीच विसळला, गुरुवारी टेस्ट आल्यावर मी त्यांना येऊ नका म्हटलं पण उशीरच झाला होता. ३१ ला त्यांना ताप. त्यांच्या मुलाबरोबर मी किट पाठवलं, फोनवर कसं करायचं सांगितलं आणि त्याने पट्टीचा फोटो पाठवला, ठळक दोन रेघा. आमच्यामुळे. आठवडाभर दांडेकर पुलाजवळच्या दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसांत त्यांनी काय वेगळं राहायचं ते राहिल्या असतील. आपल्याच सोसायटीत त्यांची चार घरं आहेत, त्यातल्या दोन घरांनी सात दिवसांचे खाडे धरले. त्यातल्या एका घराने वर ऐकवलं की तुम्ही वस्तीतून घेऊन येता. काका, त्या घरातले साहेब मीटिंगला पहिल्या रांगेत होते.

अजून एक गोष्ट आहे जी मला झोपू देत नाहीये. १५ जुलैपासून ७५ दिवस सरकारी केंद्रांवर अठरा ते एकोणसाठच्या लोकांनाही बूस्टर फुकट आहे. मावशींना मी म्हटलं होतं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुट्टी काढून जाऊन या. आता कोविड होऊन गेल्यावर तीन महिने थांबायचं असतं, म्हणजे त्यांचा नंबर नोव्हेंबरात आणि फुकटची मुदत सप्टेंबर अखेरीला संपते. मग प्रायव्हेटमध्ये २२५ रुपये लशीचे आणि वर दीडशेपर्यंत सर्व्हिस चार्ज. लस बनते इथे पुण्याजवळच्या मांजरी गावात, सीरममध्ये, आणि मावशींना ती चुकली आपल्या बटाटेवड्यांपायी. तो डोस मी करून देणार आहे, ते माझं मी बघेन, पण सोसायटीच्या पदरात हे पडायला हवं म्हणून लिहिलं.

८ तारखेला त्या परत आल्या. मी कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आले तर खालच्या जिन्यावरून धापा ऐकू येत होत्या, वाकून बघितलं तर चौथ्या मजल्याच्या वळणावर मावशी पायरीवर बसलेल्या, मास्क हनुवटीखाली, चपला काढून बाजूला ठेवलेल्या, एक हात कठड्याला. बावन्न वर्षांच्या आहेत, गुडघे आधीच गेलेले, त्यात हा ताप होऊन आठवडा झालेला. मी म्हटलं लिफ्टने का नाही आलात, तर म्हणाल्या, "बोर्ड लावलाय ना ताई, वॉचमन दादा ओरडतो मग." आणि अगदी त्याच वेळी लिफ्ट वर गेली, जाळीतून दिसलं, आत सातव्या मजल्याचा लॅब्राडोर आणि त्याला फिरवून आणणारे काका. कुत्र्यावर माझा राग नाही, गोड आहे तो. पण त्याला लिफ्ट चालते.

बरं, तापमानाचं रजिस्टर. ते मी परवा वॉचमनच्या केबिनमध्ये बसून चाळलं. १ ऑगस्टपासून जेवढ्या नोंदी आहेत त्या सगळ्या ९७.२. सगळ्या म्हणजे सगळ्या, एकाच पेनाने. गनची बॅटरी कधीच गेलीये, वॉचमन बिचारा काय करणार, त्याला रकाना भरायला सांगितलाय तो भरतो. मजा म्हणजे १ ते ७ तारखेला मावशी घरी झोपून होत्या ना, त्या सातही दिवशी त्यांचं नाव आहे, वेळ आहे आणि तापमान ९७.२ आहे!

आता हवेचं. मी काही डॉक्टर नाही, पण मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या ऑफिसने साध्या भाषेत पत्रक काढलं होतं, तुम्हीच तेव्हा ते ग्रुपवर टाकलं होतंत, की मोठे थेंब दोन मीटरपर्यंत पडतात पण बारीक कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा, एक्झॉस्ट लावा, नुसता एसी लावून बंद खोलीत बसू नका. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून परत आत सोडतो, म्हणजे एकाचा खोकला तीस जणांनी थंड करून घेतला. असं असताना आपण काय सांभाळलंय, तर लिफ्टच्या बटणांवरचं प्लास्टिक (त्यात आता काळी बुरशी धरलीये, आकडे दिसत नाहीत, परवा मी चौथ्यावर उतरले) आणि अंतर ठेवून उभं राहायला जमिनीवर चिकटवलेली ती चार पावलं. आणि लिफ्टमधला पंखा, जो खरा उपयोगाचा, तो आवाज करतो म्हणून फेब्रुवारीत वायर काढून ठेवलाय. नवा बसवायला काही शे रुपये लागतील. क्लबहाऊसच्या खिडक्या कबुतरं येतात म्हणून आधी बंद केल्या आणि मग दिवाळीच्या रंगकामात पेंटरने फटींवरूनच ब्रश फिरवला, त्या चिकटून बसल्यात. कबुतरांना जाळी लावता येते.

आणि काका, मीटर रूममध्ये गेलात का एवढ्यात? तिथे आपला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, पाच लिटरवाला. २०२१ च्या मे महिन्यात घरटी दोन हजार काढून घेतला होता. तो आला तेव्हा पार्किंगमध्ये लोक त्याच्याभोवती असे उभे होते जसा गणपती आलाय. त्याआधीच्या महिन्यात हॉस्पिटलच्या बेडच्या ऑनलाइन डॅशबोर्डवर एक बेड रिकामा दिसायचा आणि फोन लागेपर्यंत गेलेला असायचा, ते दिवस तुम्ही आणि सेक्रेटरींनी रात्र रात्र फोन करून काढलेत, ते मी कधी विसरणार नाही, माझ्या सासऱ्यांसाठी पहाटे अडीचला तुम्ही ते मशीन स्वतः लिफ्टमधून वर आणलंत. ते वाचले. तेच मशीन आज दिव्यांच्या जुन्या माळांच्या खोक्याखाली ओल आलेल्या भिंतीला टेकून आहे. त्याच्या आत झिओलाइट असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि एकदा का ते दमट झालं की मशीन आवाज करतं, चालू दिसतं, पण ऑक्सिजन हवा तेवढा देत नाही. महिन्यातून थोडा वेळ ते चालवायला लागतं, फिल्टर धुवायला लागतो. वर्षभरात कोणी प्लग लावलेला नाही. नको असेल तर एखाद्या संस्थेला देऊन टाकू, पण कोरड्या जागी तरी ठेवू. आमच्या घरी ठेवायलाही मी तयार आहे.

तर माझं मागणं. नोटीस काढा. मास्क हवा असेल तर खोकणाऱ्याला हवा, मग तो मालक असो की भाडेकरू की गॅसवाला. नोटीस लिहायचीच असेल तर मी लिहून देते, दोन ओळींत बसेल, ताप खोकला असेल तर मीटिंगला आणि आरतीला येऊ नका, फोनवर जॉइन व्हा, सात दिवस घरी थांबा आणि शेवटचे तीन दिवस ताप नको. मावशी, वॉचमन, ड्रायव्हर आजारी पडले तर सात दिवसांचा पगार कापायचा नाही असा ठराव सप्टेंबरच्या एजीएममध्ये आणायचाय, मी मांडते, अनुमोदक शोधलाय, तुमची सही लागेल. कापणार असाल तर त्या ताप लपवून येतीलच, तुम्ही आम्ही नाही का लपवला. आणि आरती क्लबहाऊसमध्ये नको, पार्किंगमध्येच घेऊ, तिन्ही बाजू उघड्या आहेत, उद्या झेंडावंदन नाही का आपण बाहेरच करणार. पावसाची झड येते तिकडे ताडपत्री बांधू.

काहीजण म्हणतील की आता कशाला एवढं, गुढीपाडव्यालाच सगळे निर्बंध उठले, मास्कही ऐच्छिक झाला, साधी सर्दी आहे. बरंय, आमच्या ह्यांना साधी सर्दीच झाली, चौथ्या दिवशी लॅपटॉप उघडून बसले. पण सासूबाईंना अजून वास येत नाही. परवा गॅसवर दूध ठेवलं होतं, उतू गेलं, मग आटलं, मग पातेलं करपून घरभर धूर, मी गॅलरीतून धावत आले तर त्या ओट्याशेजारी स्टुलावर बसून शांतपणे शब्दकोडं सोडवत होत्या. सगळ्या घराला नाकाने चालवणारी बाई आहे ती, फोडणीत हिंग कमी पडला तर हॉलमधून ओरडायची. आता काही झालं तर मला बोलवून विचारते, बघ गं, हे आंबलंय का.

क्लबहाऊसची किल्ली कोणाकडे असते ते वॉचमनला विचारलं तर तो सेक्रेटरींचं नाव घेतो आणि सेक्रेटरी तुमचं. पुढच्या रविवारी सकाळी नऊला मी आणि सहाव्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा खिडक्यांचा रंग खरवडायला जाणार आहोत, पटाशी आणि स्क्रूड्रायव्हर आमच्याकडे आहे, डब्ल्यूडी-फॉर्टीचा (अडकलेलं सोडवायच्या स्प्रेचा) कॅन तेवढा सोसायटीच्या खर्चात टाका. किल्ली शनिवारी रात्रीपर्यंत मिळाली तर बरं.

आपली,
बी-५०२

ता.क. गेटजवळचा पायाने दाबायचा सॅनिटायझर स्टँड टाकून देऊ नका म्हणून सांगायचं राहिलं. बाटली काढून कोणीतरी त्यात तुळशीची कुंडी ठेवलीये आणि ती चांगली फुटलीये.