तालुका ग्रंथालयात छोट्या धंदेवाल्यांसाठी एक टेबल द्या

माननीय कला व संस्कृती मंत्री,
गोवा राज्य.

सप्रेम नमस्कार.

राज्यातली सार्वजनिक ग्रंथालये आपल्या खात्याकडे येतात म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. विषय उद्योग खात्याचा वाटेल, पण तो आपलाच आहे. घरी माल करून विकणाऱ्याला धंद्यासाठी जी माहिती शोधावी लागते, ती शोधायला त्याला तालुका ग्रंथालयात मदत मिळावी, अशी माझी विनंती आहे.

माझा फोंड्यात छापखाना आहे. एके काळी लग्नपत्रिका आणि बिलबुके हे मुख्य काम होते, आता लेबले जास्त. आमसुले, आगळ, लोणची, काजूगर, नाचणीचे सत्त्व, उटणे. चवथीच्या आधी तर रांग लागते. लेबल छापायला घेतले की माणसाला काय माहीत आहे आणि काय नाही, ते लगेच समोर येते. खाद्यपदार्थाच्या लेबलावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लागतात. निव्वळ वजन, कमाल किंमत, तारखा, पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, शाकाहारी असल्याचे हिरवे चिन्ह आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक लागतो. यातले काही वजनमाप खात्याच्या २०११ च्या नियमांत आहे, काही अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमांत. दोन्ही इंटरनेटवर आहेत, इंग्रजीत आहेत, आणि आमसुले वाळत घालणाऱ्या बाईने ते कधी वाचावेत?

सत्तरीहून अशीच एक बाई आली होती. मजकूर वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून आणलेला. मालाचे नाव ठरलेले. ते नाव दुसऱ्या कोणी नोंदवलेले नाही ना, एवढे बघून द्यायला एका एजंटाने तिच्याकडून तीन हजार रुपये घेतले होते. हा शोध ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही फुकट घेता येतो. फक्त कुठे शोधायचे ते कळायला हवे. तिथे माल आणि सेवांचे ४५ वर्ग केलेले आहेत. सुकवलेली फळे २९ व्या वर्गात येतात, मसाले ३० व्या आणि सरबते ३२ व्या. म्हणजे कोकमापासून केलेल्या दोन वस्तूंसाठी सुद्धा दोन वेगळ्या वर्गांत बघावे लागते. माहितगार माणूस शेजारी बसला तर हे काम अर्ध्या तासाचे. त्या बाईचे तीन हजार म्हणजे कितीतरी किलो आमसुले, आणि तो सगळा पैसा फुकट मिळणाऱ्या माहितीसाठी गेला.

तिने सरकारी कचेरीत का विचारले नाही, असे आपण म्हणाल. मीही तिला तेच विचारले. ती म्हणाली, ‘तिथे विचारले की आपले नाव त्यांच्या डोळ्यांवर येते.’ यात त्या कचेरीचा दोष आहे असे मला वाटत नाही. जी कचेरी परवाना देते तीच उद्या तपासणीला येते, मग तिथे आपले अज्ञान उघडे करायला माणूस कचरणारच. बँकेत विचारावे तर बँकेला कर्ज द्यायचे असते. एजंटाला फी हवी असते. ग्रंथपालाला मात्र काही विकायचे नसते, काही मंजूर करायचे नसते, कोणाला दंडही करायचा नसतो. असे सरकारी टेबल दुसरे कुठे आहे? ग्रंथालयच का, या प्रश्नाला माझे हे उत्तर आहे.

दुसरी गोष्ट प्रकल्प अहवालाची. पंतप्रधान रोजगारनिर्मिती योजनेत उत्पादनाच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंतची मर्यादा आहे, आणि अर्जाला अहवाल जोडावा लागतो. अशा अहवालांच्या प्रती काढायला लोक माझ्याकडे येतात. त्यातले बाजारपेठेवरचे प्रकरण एकमेकांशी इतके जुळते की गाव वाचल्याशिवाय फरक कळत नाही. केप्यात बेकरी काढायची असेल तर आसपासच्या गावांत घरे किती, माणसे किती, याचे आकडे २०११ च्या जनगणनेत गाववार मिळतात. ते जुने झाले आहेत हे खरे, तरी ‘भरपूर मागणी आहे’ या वाक्यापेक्षा ते बरे. राज्याचे नियोजन व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी आकडेवारी काढते. काजूगर किंवा मसाला परदेशी पाठवायचा असेल तर कोणता देश किती माल घेतो हे आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राच्या ‘ट्रेड मॅप’वर बघता येते. भारतीय मानक ब्यूरोची मानकेही आता विनामूल्य उतरवून घेता येतात. साधने आहेत, नेऊन दाखवणारा माणूस नाही.

पणजीत पाटो इथे आपले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १५ सप्टेंबर १८३२ ची. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. पोर्तुगीज काळातली वर्तमानपत्रे आणि सरकारी राजपत्रे तिथे जपून ठेवली आहेत. ती फक्त संशोधकांसाठी आहेत अशी समजूत आहे, पण धंद्यालाही त्यांचा थेट उपयोग आहे. भौगोलिक मानांकन म्हणजे अमुक माल अमुक भागाचाच, अशी सरकारी नोंद. त्याचा अर्ज करताना तो माल त्या भागात पूर्वापार होत आला आहे, याचे लेखी पुरावे द्यावे लागतात. फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळाले. पुढे खोलाची मिरची, खाजे, मानकुराद, बेबिंका यांनाही मिळाले. अजून कितीतरी गावांचा आपापला माल या यादीबाहेर आहे, आणि त्यातल्या बऱ्याच मालाचे पुरावे पाटोच्या त्या कपाटांत असतील अशी माझी खात्री आहे.

मानांकन मिळाले म्हणजे काम झाले असेही नाही. प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, तेव्हाच तो ते चिन्ह आपल्या मालावर लावू शकतो. या अर्जाचे शुल्क २०२० पासून १० रुपये आहे. दहा रुपये! जत्रेत खाजे विकणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत नेवार्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९०४ मध्येच धंदेवाल्यांसाठी वेगळी शाखा काढली होती. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत २००६ पासून उद्योग आणि बौद्धिक संपदा केंद्र चालते, आणि आता तिथल्या शहराशहरांतल्या ग्रंथालयांत त्याची केंद्रे आहेत. दुकान काढणारा माणूस तिथे जातो, ग्रंथपालाशी बोलतो, बाजाराचे अहवाल तिथेच बसून वाचतो.

आपल्याकडे नवी इमारत नको. तालुका ग्रंथालयात एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि तिथे बसणारा प्रशिक्षित ग्रंथपाल पुरे. प्रशिक्षण महत्त्वाचे, नाहीतर टेबल नुसते टेबलच राहील. ट्रेडमार्कचा शोध, मानांकन, लेबलाचे नियम, आकडेवारी एवढे शिकवायला उद्योग संचालनालयातली माणसे बोलावता येतील. बाजाराची माहिती देणारे खाजगी डेटाबेस महाग असतात, एकट्या छोट्या माणसाला ते परवडत नाहीत. मध्यवर्ती ग्रंथालयाने एकाची वर्गणी भरावी आणि तालुक्यातून ती वापरता यावी. वाचनकक्षात स्पर्धा परीक्षांची मुले बसतात, त्यांची एकही खुर्ची यासाठी काढू नये. ती जागा त्यांच्या हक्काची आहे.

वेळेचा विचार मात्र गोव्याच्या पद्धतीने व्हावा. आपल्याकडे दुकाने दुपारी बंद असतात, धंदेवाला मोकळा असतो तेव्हाच. त्या दोन-तीन तासांत हे टेबल उघडे हवे. म्हापशात ते शुक्रवारी हवेच, कारण बाजाराच्या निमित्ताने गावोगावची माणसे तिथे आलेलीच असतात.

गोवा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ चा आहे. त्या काळात गावातली बाई आपला माल थेट मुंबईच्या गिऱ्हाइकाला फोनवरून विकेल असे कोणाला वाटले नसेल. आज ती विकते आहे, आणि ग्रंथालयाने तिच्यासाठी काय करावे हे ठरवणे आपल्या हातात आहे.

सगळीकडे एकदम जमणार नसेल तर फोंडा किंवा वाळपई इथून सुरुवात करावी. टेबलावर ठेवायला नियमांप्रमाणे केलेल्या लेबलांचे नमुने आणि मराठी-कोकणीतली माहितीपत्रके मी माझ्या छापखान्यातून विनामूल्य छापून देईन. मजकूर आपल्या खात्याने तपासून द्यावा, कागद आणि शाई माझी.

आपला नम्र,
फोंड्यातील एक छापखानदार